उलटवलेले दाते

खूप खूप पूर्वी एकदा असं झालं. किती पूर्वी ते विचारू नका, आणि कुठल्या राज्यात तेही विचारू नका. एवढं मात्र खरं, की त्या काळी डोंगरात मोटार चढत नव्हती, आणि ज्याच्याकडे सायकल असे त्याला लोक वाट सोडून देत.

एका उंच डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं आणि माथ्यावर एक वाडी होती. दोन्हींच्या मध्ये घाट होता. घाटाच्या मध्यावर रस्ता एकदम वळायचा. वळणाच्या एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला कडा. कड्याखाली काय आहे ते कुणालाच धड सांगता येत नसे, कारण तिथं उभं राहून वाकून बघायची कुणाची छाती नव्हती. दगड टाकला तर तो खाली पडल्याचा आवाज बराच वेळ येत नसे.

पायथ्याच्या गावात शिदू राहायचा. शिदू सायकली दुरुस्त करायचा.

शिदूचा हात चांगला होता, पण गावात त्याचं नाव झालं होतं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. शिदू काहीही फेकत नसे. मोडीत निघालेल्या सायकलीची चेन, झिजलेली दातेरी चाकं, वाकलेली पायडलं, सगळं तो रॉकेलमध्ये धुऊन, पुसून, तारेला लटकवून ठेवी. कुणाची सायकल आली की तो त्या तारेखाली उभा राहून मान वर करून बघे, आणि त्यातलंच काहीतरी काढून बसवी. लोकांचे पैसे वाचत. लोक म्हणत, "शिदूकडं जा. दुसरा असता तर नवं घ्यायला लावलं असतं."

हे ऐकलं की शिदूला बरं वाटे. आणि यात वाईट काहीच नव्हतं. त्याच्या हातच्या सायकली बाजारात जात, शेतावर जात, शाळेत जात, आणि बिघडल्या तर रस्त्याच्या कडेला उभ्या राहत. माणूस चार शिव्या देत सायकल ढकलत घरी येई. त्याहून जास्त नुकसान होत नसे.

त्याच गावात हौसाक्का राहायची. ती सुईण होती. गावातली आणि वाडीवरची बहुतेक पोरं तिच्याच हातांवर जन्मली होती. खुद्द शिदूची मुलगी मैनासुद्धा. बाळंतकळा काही माणसाची वाट बघत नाहीत, म्हणून हौसाक्का उतारवयात सायकल शिकली होती. कासोटा घट्ट मारून ती सायकलवर बसली, तेव्हा पहिल्यांदा सगळं गाव हसलं. मग एका अडलेल्या बाईपाशी ती वेळेवर पोचली, आणि त्या दिवसापासून कुणी हसलं नाही.

हौसाक्काची सायकल जुन्या पद्धतीची होती. तिला हाताचे ब्रेक नव्हते. पायडल पुढं मारलं की सायकल पुढं जायची आणि उलटं दाबलं की मागचं चाक थांबायचं. म्हणजे ओढणारी चेन तीच आणि थांबवणारी चेनही तीच. चेन गेली की ब्रेक गेला.

एके दिवशी सकाळी हौसाक्का सायकल ढकलत शिदूच्या दारी आली.

"शिदू, बघ रे बाबा हिला काय झालंय. चढाला जोर लावला की पाय एकदम खाली जातो. परवा पडतापडता वाचले."

शिदूनं सायकल उलटी केली आणि मागचं दातेरी चाक पाहिलं. दाते एका बाजूनं झिजून वाघनखासारखे वाकडे झाले होते. चेन त्यानं चिमटीत धरून ओढली, तर ती दात्यांवरून सुटून अलगद वर आली. चेन ताणली होती, दाते झिजले होते. दोन्ही बदलायला हवं होतं.

"अक्का, दोन्ही गेलंय," शिदू म्हणाला.

हौसाक्काचं तोंड उतरलं. गरिबाघरच्या बाळंतपणाचं ती काही घेत नसे, आणि गावात गरिबाघरचीच बाळंतपणं जास्त.

"नवीन घ्यावं लागंल होय?"

शिदूनं वर तारेकडे बघितलं. मग तो हसला.

"माझ्याकडं आल्यावर कशाला नवीन? संध्याकाळी घेऊन जा."

हौसाक्का आशीर्वाद देत गेली.

शिदू कामाला लागला. तारेवर एका दूधवाल्याच्या मोडीत गेलेल्या सायकलीची चेन होती. ती त्यानं काढली. थोडी ताणलेली होती, म्हणून तिच्या कड्या तोडून ती आखूड केली. दात्यांसाठी मात्र तारेवर जोडीचं काही सापडेना. मग त्याला युक्ती सुचली. झिजलेलं दातेरी चाक त्यानं काढलं, उलटं केलं आणि तसंच परत बसवलं. दात्यांची झिजलेली बाजू मागं गेली, धड बाजू पुढं आली. आता पायडल मारलं की चेन धड बाजूला ओढणार. स्वतःच्या हुशारीवर शिदू खूश झाला. पायडल हातानं गरगर फिरवलं, तर चेन लोण्यातून गेल्यासारखी फिरली.

मग त्यानं सहज पायडल उलटं दाबलं.

कट्.

अगदी बारीक आवाज. मागचं चाक थांबलं खरं, पण थांबण्याआधी चेन एका दात्यावरून उडाली होती.

शिदूचा हात पायडलवर तसाच राहिला. त्याच्या लक्षात आलं. चढावर धड बाजू ओढेल, पण उतारावर पायडल उलटं दाबलं की सगळा भार त्या झिजलेल्या बाजूवर येणार. चढाचं दुखणं त्यानं काढलं नव्हतं. उताराला नेऊन ठेवलं होतं.

त्यानं पुन्हा दाबून बघितलं. या वेळी आवाज आला नाही. पुन्हा दाबलं. नाही आला.

त्याला भीती वाटली. जिवाला धोका दिसला की वाटते तशी. शिदू उठून पाणी प्यायला. मग तो स्वतःशीच बोलू लागला. 'एकदा तर उडाली. नवीन जोडणी आहे, बसंल हळूहळू. आणि अक्का कड्याच्या वळणावर सायकलवरनं उतरून चालतच येते. सगळ्यांना ठाऊक आहे. बाकी उतार काय, पाय टेकवले तरी थांबंल.'

संध्याकाळी हौसाक्का आली. तिनं अंगणात एक फेरी मारली आणि पोरीसारखी हसली.

"अरे, ही तर नव्यासारखी झाली!"

आता सांगावं, असं शिदूच्या मनात आलं. शब्द अगदी ओठांपर्यंत आले. पण शेजारचा रावजी कट्ट्यावर बसला होता. तो म्हणाला, "शिदूकाकांचा हात लागल्यावर नवीन कशाला लागतंय?" आणि शिदूचे शब्द परत आत गेले.

"चालंल ना रे घाटात?" हौसाक्कानं विचारलं.

"चालंल," शिदू म्हणाला.

ती निघून गेली. तिच्या मागच्या चाकाकडे शिदू ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला.

त्यानंतर शिदूच्या घरात भीती राहायला आली.

ती दिवसा दिसत नसे. पण हौसाक्का वाडीवर गेल्याचं कळलं की ती शिदूच्या शेजारी येऊन बसे. हातात पाना असला तरी त्याचे कान घाटाकडे असत. कुणी धावत आलं की तो पाना टाकून दारात येई. हौसाक्का परत आली, दारावरून गेली, की तो सुटकेचा श्वास टाकी आणि मनाशी ठरवी, उद्या सांगायचं. उद्या आलं की त्याला वाटे, एवढे दिवस काही झालं नाही, आता सांगून उगाच कशाला? सांगितलं तर ती विचारणार, मग तेव्हाच का नाही बोललास?

एकदा विहिरीवर ती भेटली. शिदूनं विचारलं, "अक्का, सायकल कशी आहे?"

"चढाला काय सुरेख चालते रे!"

"आणि उताराला?"

"उताराला मधूनच कट् कट् करते जराशी. जुनी आहे बिचारी, माझ्यासारखीच."

शिदू कसनुसा हसला. "एकदा आणून टाक. बघतो."

"आणीन की. सवड मिळू दे."

सायकल मागून घेणं त्याला जमलं असतं. तिच्या घरी जाऊन चाक काढून आणणंही जमलं असतं. पण 'आणून टाक' म्हटलं, आणि आपलं काम झालं असं त्यानं मनाला सांगितलं. भीती मात्र ते ऐकायला तयार नव्हती. ती त्याच्याबरोबर जेवायला बसे आणि त्याला अर्ध्यावर उठवी.

मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, भीतीबरोबर राहायची माणसाला सवय होते. शिदूला झाली. काही आठवड्यांनी हौसाक्का वाडीवर गेली तरी त्याचे कान घाटाकडे जाईनासे झाले.

त्याच सुमारास त्याची मैना पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली.

शिदूची बायको सारजा नुसती पळत होती. डिंकाचे लाडू, जुन्या लुगड्यांची दुपटी, अंगणात वाळत घातलेली लाकडं. शिदूनं तुटलेला पाळणा बाहेर काढला आणि त्याच्या कड्या नीट केल्या. हौसाक्का येऊन मैनाचं पोट बघून गेली. "अजून वेळ आहे," ती म्हणाली. "मी आहे की. तुला मी आणली, तुझ्या लेकरालाही मीच आणीन."

पण बाळाला घाई होती. एके दिवशी सकाळी चुलीपाशी बसल्याबसल्या मैना एकदम ओरडली आणि तिनं भिंत धरली.

सारजानं तिला आत नेलं आणि ती धावत बाहेर आली. "अहो, अक्काला आणा! लवकर!"

शिदू हौसाक्काच्या घराकडे पळाला. दाराला कडी होती. शेजारीण म्हणाली, "अक्का पहाटेच वाडीवर गेलीय. तिथं एक पोरगी अवघडलीय."

शिदू परतला तेव्हा मैनाचं ओरडणं अंगणापर्यंत येत होतं. रावजी शेजारधर्माला धावून आलाच होता. तो तरणा होता, पायाचा हलका होता. "मी जातो, काका," तो म्हणाला. "पायवाटेनं वर जातो. अक्काला सांगतो, तुझं झालं असंल तर अशीच ये."

आणि तो निघाला.

शिदू उंबऱ्यावर बसला. आतून सारजाचा आवाज येत होता, "धर, बाळा, माझा हात धर." बाहेर डोंगरावरून धुकं उतरायला लागलं होतं. आधी माथा गेला. मग वाडीची झाडं गेली. मग घाटाचा रस्ता पुसल्यासारखा झाला.

'अक्का आता येईल,' शिदू स्वतःला सांगत होता. 'पायी यायचं म्हटलं तर वेळ लागंल, पण ती सायकलवर येईल.'

सायकलवर.

तो शब्द मनात आला आणि शिदू ताडकन उभा राहिला. इतके दिवस शांत बसलेली भीती एकदम त्याच्या छातीवर चढली. घाट ओला. धुकं असं, की हाताची बोटं दिसू नयेत. आणि हौसाक्काला घाई. तिनं एकदा मैनाला या जगात आणलं होतं. तिच्यासाठी ती पाय ओढत येणार नव्हती. ती वेगानं येणार होती, आणि उतारभर पायडल उलटं दाबत येणार होती. त्या झिजलेल्या बाजूवर.

"कुठं चाललात?" सारजा आतून ओरडली.

शिदूनं उत्तर दिलं नाही. तो घाटाच्या दिशेनं पळत सुटला होता.

चढावर त्याला लगेच दम लागला. धुक्यात पुढचं झाडही दिसत नव्हतं. स्वतःच्या पावलांचा आवाज दुसऱ्याच कुणाच्या पावलांसारखा वाटत होता. मध्येच तो थांबे, श्वास रोखून ऐके आणि पुन्हा पळे. "अक्का!" त्यानं हाक मारली. धुक्यानं ती गिळून टाकली. "अक्का, सायकलवरनं उतर!"

समोरून कुणीतरी पळत येत होतं. शिदू जागीच थांबला. पण तो रावजी होता. पायवाट जिथं रस्त्याला मिळते तिथून तो बाहेर आला होता.

"काका? तुम्ही इथं कसे?"

"अक्का कुठंय?"

"येतेय की. वाडीवरचं आटोपलं होतं. माझ्याबरोबरच निघाली. ती म्हणाली, तू पायवाटेनं हो पुढं, मी सायकलवर तुझ्या आधी पोचते." रावजीनं शिदूच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्याचा आवाज उतरला. "तुम्हाला वाटेत नाही भेटली?"

शिदूनं वर धुक्याकडे बघितलं. भेटली नव्हती. म्हणजे ती अजून वरच होती. किंवा वळणापाशी.

"तू घरी पळ," तो कसाबसा म्हणाला. "काकूला सांग, पाणी तापवत ठेव. पळ!"

आणि तो वर धावला.

वळण जवळ आल्याचं त्याला वाऱ्यावरून कळलं. कड्याखालून वारा सरळ वर येई आणि अंगातून आरपार जाई. शिदू डोंगराच्या बाजूला अंग चोरून उभा राहिला. तेवढ्यात वरून घंटी वाजली.

किती ओळखीची घंटी! हौसाक्का वळणाआधी नेहमी वाजवायची. शिदूनं दोन्ही हात तोंडापाशी नेले. "अक्का! उतर! पाय टेक! उत..."

कट्. कट्. कट् कट् कट्.

मग काहीतरी तुटून रस्त्यावर आपटत फरफटत आल्याचा आवाज झाला. शिदू सायकलवाला होता. त्याला तो आवाज डोळे मिटूनही ओळखता आला असता. आणि त्यानंतर नुसती चाकांची घरघर राहिली. वाढत जाणारी. अडवायला आता काहीही नसलेली.

"बाजूला व्हा!" धुक्यातून हौसाक्का ओरडली. "कोण असंल ते, बाजूला व्हा!"

शिदूला काही दिसलं नाही. अंगावरून वारा गेल्यासारखं झालं. चाक दगडावरून उडालं, फांद्या मोडल्या, लोखंड आपटलं. आणि मग सगळं शांत झालं. फक्त एक दगड कड्यावरून सुटला होता. तो खाली जात होता, आणि तो पडल्याचा आवाज येत नव्हता.

शिदूला हाक मारायचं धैर्य होईना. हाक मारली आणि उत्तर आलं नाही तर? तो गुडघ्यांवर बसला आणि हातांनी रस्ता चाचपत कड्याकडे सरकू लागला. त्याच्या आयुष्यात तेवढं लांबचं अंतर त्याला पुन्हा कधी कापावं लागलं नाही.

"इकडं," मागून आवाज आला. "कड्याकडं कुठं चाललास? इकडं आहे मी."

हौसाक्का डोंगराच्या बाजूच्या घाणेरीच्या झुडपात पडली होती. चेन तुटल्याचं कळताच तिनं कड्याकडे न बघता हँडल डोंगराकडे फिरवलं होतं. कपाळ खरचटलं होतं, लुगडं फाटलं होतं. आणि उजवा हात मनगटातून नको त्या बाजूला वळला होता.

"शिदू, तू होय?" ती म्हणाली. "पोर कशी आहे?"

शिदू तिच्यापाशी वाकला. "अक्का, तुझा हात..."

"हात राहू दे. पोर कशी आहे ते सांग."

"ओरडतेय."

"मग उचल मला. एक पाय टेकवत नाही."

शिदूनं तिला पाठुंगळी घेतलं आणि तो उतरू लागला. तिचा मोडका हात त्याच्या खांद्यावरून पुढं लोंबत होता. दर पावलाला ती दात आवळून श्वास घेई. धुक्यात शिदूला रस्ता धड दिसत नव्हता, आणि डोळ्यांतल्या पाण्यामुळे जो दिसायचा तोही दिसत नव्हता.

थोडं उतरल्यावर तो म्हणाला, "अक्का, ते दाते मी उलटे करून बसवले होते. झिजलेलेच. चेनही मोडीतली. उताराला उडंल असं मला वाटलं होतं."

हौसाक्कानं त्याच्या खांद्यावरची मान वर केली.

"तुला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. भीती होती."

"किती दिवस?"

"पहिल्या दिवसापास्नं."

शिदूनं तिला पाठीवर जरा वर सरकवलं.

"वळणावर मी रोज उतरून चालते," ती म्हणाली. "आज तुझी मैना अडलीय म्हणून बसून आले." मग ती हळूच पुढं म्हणाली, "घाटातनं मी उतरत होते, शिदू. ती भीती माझी होती. मला दिली असतीस तर मी रोज चालत आले असते. तू ती स्वतःकडं ठेवून घेतलीस."

तिच्या आवाजात राग असता तर शिदूला सोसलं असतं.

घरी पोचले तेव्हा मैनाचं ओरडणं थांबलं होतं. आता ती नुसती कण्हत होती, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. रावजी अंगणात हात चोळत उभा होता. शिदूनं हौसाक्काला आत नेऊन मैनाच्या पायांशी बसवलं. सारजानं तो हात पाहिला आणि तिच्या हातातलं भांडं खाली पडलं.

"आता कसं?" ती पुटपुटली. "अक्का, आता कसं गं?"

"तुझे हात धड आहेत ना?" हौसाक्का म्हणाली. "ये इकडं. मी सांगते तसं कर. शिदू, तू बाहेर जा."

शिदू बाहेर गेला. दार लागलं.

दाराआडून त्याला एकच आवाज ऐकू येत होता, हौसाक्काचा. दुखण्यानं तो मधूनच फाटत होता, पण थांबत नव्हता. "थांब. आत्ता नाही. आता, मैना, आता जोर लाव. सारजा, डोकं धर, ओढू नको. नाळ बघ. गळ्याला आहे? घाबरू नको. बोट घाल खाली, हळू, आणि डोक्यावरनं काढ. हळू म्हटलं ना."

हे काम ज्या हातांना डोळे झाकून येत होतं, ते हात तिथंच होते आणि त्यांचा उपयोग नव्हता. सारजानं असलं काम आधी कधी केलं नव्हतं. त्याच्या पोरीचा आणि तिच्या पोराचा जीव सारजाच्या नवख्या बोटांवर होता. त्यानं कपाळ भिंतीला टेकवलं. देवाकडे काय मागावं तेही त्याला सुचेना. मागायचं तोंड राहिलं नव्हतं.

आत सगळं गप्प झालं.

"उलटं धर," हौसाक्का म्हणाली. "पाठीवर चापट मार. जोरात. आणखी."

काहीच ऐकू आलं नाही.

"मार, सारजा!"

आणि मग एक बारीक, चिडका, भिजलेला आवाज आला. मग मोठा झाला. मग घर भरून गेला.

शिदू भिंतीला धरून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. अंगणात रावजीही डोळे पुसत होता.

मैना वाचली. बाळ वाचलं. गोष्ट इथं संपती तर किती बरं झालं असतं!

हाडवैद्यानं हौसाक्काचा हात बांधला, पण मनगट वाकडंच जुळलं. तिला भाकरी मोडता येई, तांब्या उचलता येई. पण पोटातलं बाळ फिरवायला लागते ती बोटांतली ताकद आणि बोटांना असलेली ती जाण, दोन्ही तिच्या हातातून गेल्या त्या कायमच्या. ती सारजाला शिकवू लागली. सारजा मनापासून शिकत होती, पण असलं काम एका पावसाळ्यात येत नाही.

शिदूनं हौसाक्काच्या सायकलीला नवी चेन आणि नवे दाते बसवले. ती सायकल आता चालवायला कुणी नव्हतं. दुकानातली जुनी चेन, जुने दाते त्यानं फेकले नाहीत. ती फाटकांना, रहाटाला, पोरांच्या खेळण्यांना लागत. पण ज्या सायकलीवर कुणाचं हाडमांस घाट उतरणार असेल, तिला तो जुनं लावीना. आणि जुनं लावावंच लागलं, तर गिऱ्हाइकाला समोर बसवून सांगे, "हे इथं झिजलंय. मला याची भीती वाटते. आता तू ठरव." काही लोक म्हणाले, शिदू महाग झाला. काही दुसरीकडे जाऊ लागले. शिदू त्यांना अडवत नसे.

त्याच वर्षी थंडीत वाडीवर एक बाई अडली. हौसाक्काला त्या दुखावल्या पायानं आता घाट चढवत नव्हता, म्हणून सारजा एकटीच चालत वर गेली. ती जेवढं शिकली होती तेवढं सगळं तिनं केलं. बाई वाचली. बाळ नाही वाचलं.

लोक म्हणाले, देवाची मर्जी. हौसाक्कानं आपला वाकडा हात पदराखाली घेतला.

दुसऱ्या दिवशी शिदू घाट चढून वाडीवर गेला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. बाळाचा बाप अंगणात बसला होता. शिदूनं त्याच्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं. दाते, चेन, तो पहिला कट्, आणि ती गिळून टाकलेली भीती. काही गाळलं नाही.

तो माणूस ऐकत राहिला. त्यानं शिवी दिली नाही, हात उगारला नाही. ऐकून झाल्यावर तो उठला, घरात गेला आणि त्यानं दार लावून घेतलं.

शिदू त्या बंद दारासमोर बराच वेळ उभा होता. मग तो घाट उतरून पायी घरी आला.

बोध: काटकसर जरूर करावी, पण ज्या वस्तूवर दुसऱ्याचा जीव आहे, तिच्याबद्दल मनात आलेली भीती त्याच्यापासून लपवून पैसे वाचवू नयेत.